टाचण्यांची जागा

मुलीने दप्तरातून चौघडी घातलेला कागद काढला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तळहाताने सपाट केला. कागदावर नंबर घालून प्रश्न लिहिले होते.

शेजारच्या खुर्चीत तिची आई. बायकांचे कपडे शिवायचं तिचं छोटं दुकान होतं. तिथून तशीच उठून आल्यामुळे मापाची टेप गळ्यातच राहिली होती.

"पहिला. तारा लावल्यावर दुखतं का?"

"तीन-चार दिवस ठणकतं. मग तारा आहेत हेच विसरायला होतं."

"किती दिवस ठेवायच्या?"

"तुझ्या दातांना दीड-दोन वर्षं धर."

"सफरचंद?"

"फोडी करून. अख्ख्याला दात लावायचा नाही."

मुलीने तिन्हींपुढे बरोबरची खूण केली. लेक धीट निघाली याचं आईला बरं वाटलं. दात तेवढे तिने आईचे घेतले होते. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, फोटोत आधी कोण येतो म्हणून भांडत असल्यासारखे.

"चौथा. टाचण्या तोंडात धरल्या तर चालतं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कशाला धरायच्यात टाचण्या?"

मुलीने पेन्सिलीचं टोक आईकडे वळवलं.

"काहीतरीच हिचं," आई टेप गुंडाळायला लागली. "मी हिला घेऊन आलेय."

"पाचवा. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला तारा बसतात का?"

"हिरड्या चांगल्या असल्या तर बसतात. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. माझ्याकडे एक आजोबा येतात, निवृत्त झाल्यावर हौसेने लावल्यात. पण टाचण्या नाही चालायच्या, ताई. दाताने दोरा तोडणंही बंद."

"मग मिटलंच," आई म्हणाली. सुटल्यासारखी. "हात दोनच. कापड धरू की टाचण्या? तोंडात नाही तर ठेवू कुठे?"

खरं होतं, पण अर्धंच. ओठांत टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हसावं लागत नाही. गिऱ्हाइकं तिला अबोल समजत आणि जरा वचकून असत. दुकानाबाहेर टाचण्या नसत, तिथे तोंडावर हात असायचा. वर्षभरापासून लेकही हसताना तसाच हात नेऊ लागली होती. ते बघवेना, म्हणून तर आज ऐन गर्दीच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती इथे आली होती.

मुलीने पुन्हा दप्तरात हात घातला. मनगटाला बांधायची कापडी उशी निघाली, जांभळ्या चिंध्यांची, खाली इलास्टिक. टाचण्याही आधीच खोचलेल्या.

"इथे ठेव. आणि तारा मी एकटी लावणार नाही. लावायच्या तर दोघींनी."

आईने ती डाव्या मनगटात चढवली. फिरवून फिरवून बघितली. एवढं बघून गप्प बसणं तिच्या धंद्याला शोभलं नसतं.

"कापूस कमी भरलायस. टोकं बाजूने बाहेर आलीत बघ. आणि ही शिवण कुठे फिरायला निघाली होती?"

"मला शिकवतं कोण? शिकवणारीच्या तोंडात टाचण्या असतात."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग आईला आवरेना. सवयीने डावा हात वर गेला आणि हनुवटीला टोचलं. हात खाली. हसू काही थांबेना, हात पुन्हा वर, पुन्हा टोचलं. तिसऱ्यांदा तो अर्ध्या वाटेवरून परतला आणि मांडीवर पडून राहिला. आई हसतच राहिली, दोन्ही चढलेल्या दातांसकट. मुलगी टक लावून बघत होती. मग तीही हसायला लागली, आणि तिचे दोन्ही हात कागदावरच होते.

डॉक्टरीणबाईंनी दिवा पुढे ओढला.

"ताई, आता तोंड मिटू नका. तेवढ्यात बघून घेते."