नावाड्यासाठी प्रार्थना

खवळलेल्या समुद्रामुळे पाळकांची बोट तिसऱ्या दिवशीही बेटावर आली नाही आणि म्हाताऱ्या नावाड्याची शवपेटी चर्चमध्ये तशीच राहिली. चर्च झाडणारी बाई जागरणानं पार थकली होती. नावाड्याची बायको तिला म्हणाली, “आता वाट बघवत नाही. प्रार्थना तूच म्हण.” “अगं, मी फरशी पुसणारी!” “त्यानं पाळकांपेक्षा तुझंच जास्त ऐकलंय. ‘ओल्या पायांनी आत येऊ नकोस’ म्हणून दर रविवारी ओरडायचीस.” थकलेली मंडळीही हसली. बाईनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, पण अक्षरं दिसेनात. ते मिटून तिनं पेटीवर हात ठेवला. “देवा, यानं अडलेल्या बायकांना, आजारी माणसांना वादळातून सुखरूप पोचवलं. आता वल्हं तू घे. याला बसू दे.” “आमेन,” मंडळी म्हणाली. नावाड्याची बायको बाकावर सरकली. “तूही बैस,” म्हणाली आणि बाईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.