बावीस विहिरी

संपादकाने बॅगेतून कागद काढला आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरला. "नीट वाचून घ्या सर. मग सही."

सरांनी चष्मा लावला. मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी जर्नलमध्ये छापलेला चाळीस विहिरींच्या पाण्याचा लेख मागे घेण्यात येत आहे. त्यातल्या बावीस विहिरींच्या उन्हाळ्यातल्या नोंदी हिवाळ्यातल्या नोंदींत थोडा फेरफार करून उतरवल्याचं आढळलं आहे. पाणी पिण्यायोग्य असल्याचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. खाली लेखक म्हणून एकच नाव होतं, सरांचं.

त्या एका लेखावर सरांचं सगळं आयुष्य उभं होतं. बढती, विभागप्रमुखाची खुर्ची, सत्कार, सगळं त्याच्याच जिवावर. आणि आता दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणा मुलीने दोन ऋतूंचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि पितळ उघडं पडलं.

"त्या नोंदी तू घेतल्या होत्यास," सर हळूच म्हणाले.

"हो सर."

तेव्हा संपादक सरांच्या हाताखाली शिकत होता. रणरणत्या उन्हात सायकलवर अठरा विहिरी केल्या आणि तापाने अंथरुणाला खिळला. परिषद तोंडावर आलेली. सरांनी त्याच्या खोलीच्या दारात उभं राहूनच सांगितलं होतं, काहीही कर, सोमवारी आकडे माझ्या टेबलावर हवेत. उरलेल्या बावीस विहिरी त्याने खाटेवर बसून केल्या. आजारी माणूस दोन दिवसांत एवढा फिरला कसा, हे सरांनी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

"मग तुझंही नाव यायला हवं यात."

"लेखावर नाही ना, सर." संपादकाचा आवाज अगदी मऊ होता. "मी मागितलं होतं तेव्हा. तुम्ही म्हणालात, पोहरा ओढणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत."

सरांना ते आठवलं. विभागातले सगळे खो खो हसले होते. हाही हसला होता, सगळ्यांच्या मागून.

सरांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. तोंड उघडावं तर दुसऱ्याचं काम आपल्या नावावर छापल्याची कबुली द्यायची. गप्प बसावं तर उतारवयात खोटेपणाचा शिक्का. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा तरी संकोच शोधून पाहिला. तिथे फक्त कामाची घाई होती.

त्यांनी सही केली. संपादकाने शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला.

सरांच्या पत्नी इतका वेळ टेबलाच्या कडेला बसून होत्या. चहा तिघांचाही निवला होता.

"त्या बावीस विहिरींचं पाणी मग आहे कसं?" त्यांनी विचारलं.

त्या मुलीने नऊ विहिरी पुन्हा तपासल्या होत्या, संपादकाने सांगितलं. पाचांत शिसं निघालं. बाकीच्या अजून कुणी तपासलेल्या नाहीत.

"आणि लोक?"

"पीत असतील."

"सव्वीस वर्षं?"

सरांनी संपादकाकडे पाहिलं, संपादकाने सरांकडे. आल्यापासून पहिल्यांदाच दोघांची नजर नीट मिळाली होती.

"त्यांना कुणी कळवलंय का रे?" सरांच्या पत्नींनी विचारलं.

"कळवणार ना, काकू." संपादकाने बॅगेची चेन ओढली. "पुढच्याच महिन्यात. जगातल्या सगळ्या ग्रंथालयांना."