नाथाजीसाठी

“वडिलांचा आजार आपल्या घरात आलाय, दादा,” नाथाजी फोनवर म्हणाला.

तानाजीच्या हातातला झारा कढईवरच थांबला. साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागं त्याचं भजी-मिसळीचं हॉटेल होतं. सकाळची गर्दी समोर उभी होती. त्यानं गॅस बंद केला आणि फोन घेऊन मागच्या दारी गेला.

वडील लिव्हर खराब होऊन गेले होते. जन्मात कधी दारूला शिवले नाहीत, तरी पोटात पाणी भरलं आणि पन्नाशीच्या आतच संपले. त्यांचं ते शेवटचं वर्ष दोघा भावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“तुला?” तानाजीनं विचारलं.

पलीकडं नाथाजी गप्प राहिला. तानाजी समजायचं ते समजला.

नाथाजी धाकटा. सांगलीत शाळेवर खेळाचा मास्तर, तालमीत कमावलेलं अंग. वडील गेले तेव्हा तो शाळेतच होता. त्याला वाढवला, शिकवला तो तानाजीनं.

“माझ्या लिव्हरचा तुकडा काढून घे,” तानाजी म्हणाला. “भावाचं चालतंय, मी ऐकलंय.”

“आधी तुझं तपासून बघू,” नाथाजी कसाबसा बोलला. “सांगलीला ये.”

तानाजीला दवाखान्याचं वावडं होतं. वजन शंभराच्या पुढं गेल्यावर शरयूनं, त्याच्या बायकोनं, त्याला एका आरोग्य शिबिरात ओढत नेलं होतं. तिथं काय निघालं ते विचारायला तो परत फिरकला नाही; कागद शरयूच घेऊन आली होती. आता मात्र तो पहिल्याच गाडीनं सांगलीत हजर झाला.

डॉक्टर मोजकंच बोलणारे होते. “लिव्हर चरबीनं भरलंय. अजून हातातलं आहे, पण हयगय केलीत तर वेळ निघून जाईल. निदान पंधरा किलो उतरवा.”

“उतरलं तर जमंल?”

“उतरलं तर सगळं जमेल.”

शेजारी बसलेला नाथाजी फरशीकडं बघत होता.

त्या दिवसापासून तानाजीच्या ताटातली दुसरी भाकरी गेली. रोज सकाळी तो अजिंक्यताऱ्याची वाट धरू लागला. पहिल्या चढालाच छाती भात्यासारखी हलायची. खाली वळावंसं वाटलं की त्याला वडिलांचं फुगलेलं पोट दिसायचं, आणि त्यावर चेहरा नाथाजीचा.

रात्रीचं जेवण दोघे भाऊ मोबाईल समोर ठेवून करायचे. “तू जे खाशील तेच मी खाणार,” नाथाजीनं सांगितलं होतं. इकडं काकडी, मुगाचं वरण आणि एक भाकरी, तिकडंही तेच. बघता बघता नाथाजीचे गाल बसले, गळ्याची हाडं दिसू लागली. तानाजी ते बघायचा आणि ताट बाजूला सारायचा.

आषाढात मात्र तो घसरला. गिऱ्हाईक गेल्यावर टोपल्यात गरम भजी उरली होती. उभ्या उभ्या त्यानं सगळी खाल्ली, आणि मग तिथंच बाकावर बसून तोंड झाकून रडला. शरयू आली तेव्हा त्याचे हात तेलकटच होते.

“मी माझ्या भावाला मारायला लागलोय,” तो म्हणाला.

शरयूचे ओठ हलले. काहीतरी बोलायला आली आणि थांबली. “आवं, आजचं आज गेलं,” एवढंच ती म्हणाली. “उद्यापासनं मी पण येते चालायला.”

पुढच्या रविवारी नाथाजी स्वतः साताऱ्यात आला आणि दोघांबरोबर किल्ला चढू लागला. दर वळणावर तो म्हणायचा, “बसू जरा, दादा.” एके काळी शेकड्यानं जोर मारणारा गडी प्रत्येक वळणाला बसत होता. तानाजी धापा टाकत त्याच्याकडं बघत राहायचा. आपल्याला दम लागलाय, हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही.

“खरं सांग,” वर पोचल्यावर तानाजीनं विचारलं. “किती दिवस हायत आपल्याकडं?”

नाथाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू चाल. तू चालतोयस तवर मला भ्या न्हाई.”

तानाजी चालला. पावसात चालला, गुडघा सुजला तरी चालला. दिवाळीत घरात कढई चढली नाही. पँटी ढिल्या पडल्या, तो दोरीनं बांधू लागला. वजन उतरत होतं, पण त्यापेक्षा जास्त झपाट्यानं नाथाजी वाळतोय असं त्याला वाटायचं. एका संध्याकाळी नाथाजीचा फोन लागेना, तेव्हा तानाजी एसटीत बसायला निघालाच होता. शाळेत स्पर्धा होत्या, फोन कपाटात राहिला होता, असं नाथाजीनं नंतर सांगितलं. तानाजीचा त्यावर विश्वास बसला नाही. भाऊ दवाखान्यात होता आणि आपल्यापासून लपवतोय, याची त्याला खात्रीच होती.

संक्रांत झाली आणि पुन्हा तपासणीचा दिवस आला. तानाजी टेबलावर झोपला. नाथाजी दाराशी उभा राहिला. डॉक्टर पोटावरून यंत्र फिरवत होते, थांबत होते, पुन्हा त्याच जागी फिरवत होते. तानाजीनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता जर नाही म्हणाले, तर पुन्हा एवढे महिने भावाकडं कुठून आणायचे, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

“उठा,” डॉक्टर म्हणाले. आज ते पहिल्यांदाच हसले. “चरबी गेली. लिव्हर छान झालंय. कमाल केलीत.”

तानाजीला हुंदका आवरेना. पोटावर लावलेली जेल पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले.

“मग आजच कापा, सायेब. पायजे तेवढा तुकडा घ्या. आता थांबू नका, माझा भाऊ लय सुकलाय.”

डॉक्टर गोंधळून त्याच्याकडं बघत राहिले. मग दाराकडं वळले. नाथाजीनं मान खाली घातली होती.

“यांना काय झालंय?” डॉक्टरांनी तानाजीला विचारलं. “आजार तर तुमच्या लिव्हरला होता.”