ठमीचा दीड वाजताचा टाहो

"भिंतीकडे बघून ओरडते की दाराकडे?" मांजरमास्तरांनी विचारलं.

"दाराकडे," ठमीची मालकीण म्हणाली.

मास्तर सोफ्याखाली अर्धे शिरले होते, त्यामुळे त्यांचे नुसते मोजे दिसत होते. बिघडलेली मांजरं ताळ्यावर आणणं हा त्यांचा धंदा. माणसांच्या भानगडीत आपण पडत नाही, हे ते आल्या आल्याच सांगून टाकत. ठमी कपाटावर बसून त्यांचे मोजे निरखत होती. एरवी गुणाची मांजर. पण गेले पाच महिने दुपारचा दीड वाजला रे वाजला, की दारापाशी जाऊन असा टाहो फोडायची की अख्खा जिना दणाणून जायचा. दाराचा रंग तिनं वीतभर ओरबाडून काढला होता.

तक्रार वरच्या मजल्यावरून आली होती. तिथं दातांच्या डॉक्टरीणबाई एकट्याच राहत. दुपारी दवाखाना बंद करून घटकाभर आडवं पडायला त्या घरी येत आणि नेमकं तेव्हाच हे सुरू होई. त्यांनी ते जिन्यात ठमीच्या मालकिणीच्या नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. नवरा तसा शांत माणूस. त्यानं एवढंच सांगितलं, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी हिला माझ्या मावसभावाच्या गोदामात नेऊन सोडतो. तिथं उंदीर आहेत, मजेत राहील."

खरं म्हणजे ठमीला पिल्लू असताना खिशातून घरी आणली होती ती त्यानंच.

बायकोनं ऐकलं आणि जेवणाची ताटं उचलली होती. पाच महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हापासून तिला बोलावंसंच वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. घरी बसून ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची, पण आता एकच पान तीन-तीन दिवस समोर पडून राही. जेवण झालं की डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची आणि चारपर्यंत मेल्यासारखं झोपायचं. फक्त ठमी रात्री पोटाशी येऊन घुरघुरायची, तेवढं तिला कळायचं. ते गेलं तर आपल्यात काय उरेल, ह्या विचारानं ती घाबरली होती. म्हणून नवऱ्याला न सांगता तिनं मास्तरांना बोलावलं होतं.

मास्तर धूळ झटकत बाहेर आले. "वही आणा."

वही म्हणजे त्यांची ठरलेली पद्धत, बोलावलं तेव्हा फोनवरच सांगून ठेवलेली. दोन आठवडे दुपारची गोळी बंद, आणि मांजर कधी, कुठं, किती वेळ ओरडली ते लिहून ठेवायचं. मास्तरांनी पानावरून बोट फिरवलं.

"रोज दीडला सुरू. अडीचला एकदा परत, मग गप्प. रविवारी काही नाही. बाई, रविवार सोडून रोज दीडला तुमच्याकडे कोण यायचं?"

तिनं वही जवळ ओढून रविवारची पानं पुन्हा पाहिली.

"आई," ती म्हणाली. "शिवणाचा क्लास घ्यायची. तो सुटला की इथं जेवायला यायची. अडीचला जायची. रविवारी क्लासला सुट्टी. पाच महिन्यांपूर्वी गेली."

"झालं तर मग!" मास्तर म्हणाले. मग स्वतःचाच आवाज मोठा वाटून त्यांनी तो खाली आणला. "तिचं काही बिघडलेलं नाही. ती वाट बघते. अहो, माणसं गेलेल्याला बघून तरी येतात. हिला बिचारीला कुणी सांगितलंच नाही."

तिनं ठमीला कपाटावरून उतरवून मांडीवर घेतलं.

"उपाय?" तिनं विचारलं.

"दार उघडा. ओरडली की लगेच उघडायचं आणि जाऊ द्यायचं. कुणी आलेलं नाही हे तिचं तिला कळू दे. चार दिवसांत थंड होते की नाही बघा. मात्र तिच्या मागं मागं राहा, जिना आहे."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती सव्वापासूनच दाराजवळच्या स्टुलावर बसली. नवरा नेहमीसारखा नऊला ऑफिसला गेला होता. ठमी खिडकीत झोपलेली. दीडला पाच मिनिटं कमी असताना ठमीचे कान ताठ झाले. एका उडीत ती दारापाशी आली आणि तिनं गळा काढला.

"हो गं बाई, हो," ती म्हणाली. "मलाही वाटतं यावी."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत, हुंदके देत तिनं कडी काढली.

ठमी खाली गेली नाही. शेपटी उभारून सरळ वर निघाली. आई तर खालून यायची, असं तिच्या मनात आलं, पण मास्तरांनी मागं राहायला सांगितलं होतं, म्हणून तीही अनवाणीच पायऱ्या चढली. ठमी डॉक्टरीणबाईंच्या दारासमोर थांबली, पुढचे दोन्ही पाय दारावर टेकवून ओरबाडायला लागली.

"अगं, नको गं, त्या झोपल्या असतील," ती कुजबुजली. आता बोलणी खावी लागणार. माफी कशी मागायची ते ती मनातल्या मनात जुळवायला लागली. आईची गोष्ट सांगितली तर बाईंनाही पाझर फुटेल, रविवारचं जाणं टळेल, असं तिला वाटलं.

आत पावलं वाजली. दार उघडलं. ठमी एकदम गप्प झाली आणि दारातल्या अनवाणी पायांना अंग घासायला लागली.

"हात्तिच्या, ठमे, तू होय!" म्हणत तिचा नवरा मांजर उचलायला वाकला, आणि मग त्यानं वर बघितलं.