माफीनाम्याचं शेवटचं वाक्य

माफीनामा लिहायचं काम शेवटी वृषालीवरच आलं.

"मॅडम, तुमीच लिहा," मंगेश म्हणाला. "सरांची भाषा तुमाले जमते. आमी लिहिलं त अर्जावानी वाटीन."

सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. श्रीधर धोटे हे नाव मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्यात मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि गेल्या आठवड्यापासून न वाचणाऱ्यांनाही ठाऊक झालं होतं. त्यांच्या नव्या कादंबरीत एक महाराज होता. घरादारावर तुळशीपत्र ठेवून निघालेला, लोकांनी देव केलेला. कादंबरी त्याच्या टाकलेल्या बायकोनं सांगितली होती. हा आमचाच महाराज, असं काही लोकांनी ठरवलं.

पांढुर्ण्याच्या एका सभागृहात सर त्यातलं एक प्रकरण वाचत होते. पोरं मंचावर चढली. एकानं पुस्तक हिसकलं, दुसऱ्यानं सरांना खाली पाडलं, आणि तिसरा त्यांच्या उजव्या हातावर बूट ठेवून उभाच राहिला. शाळेत मराठी शिकवणारी वृषाली पहिल्या रांगेत होती. ती ओरडली, पण त्या गोंधळात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचक यायला लागले. लोधीखेड्याहून, मोहगावहून, तिगावहून. कोणी संत्री आणली, कोणी नुसतेच येऊन हात जोडून बसले. मंगेशचा पांढुर्ण्याला कापडाचा धंदा. तो दुकान बंद ठेवून आला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, हातात कादंबरी धरून सौसरच्या बाजारातून मुकाट्यानं चालायचं. तेव्हा सर पहिल्यांदा हसले होते.

पण मोर्चाला परवानगी मिळाली नाही. ज्यांनी मारलं ते जमानतीवर सुटले, आणि भावना दुखावल्या म्हणून सरांवरच तक्रार झाली. रोज संध्याकाळी घरासमोर चार-पाच मोटारसायकली येऊन उभ्या राहायच्या. कोणी काही बोलायचं नाही, नुसती गाडी चालू ठेवायचे. दूधवाल्यानं येणं बंद केलं. आणि आज सकाळी एक पुढारी निरोप घेऊन आले. दोन्हीकडचा समझौता करून देतो, म्हणाले. सरांनी माफी मागावी, आणि यापुढे असं लिहिणार नाही, एवढं शेवटी लिहून द्यावं. संध्याकाळपर्यंत.

"नाई द्यायचं," वृषाली म्हणाली होती. "आपण सारे आहोत ना सरांच्या संगं."

तेव्हा उर्मिलाकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सरांच्या बायकोला आजवर कोणी चहाचं विचारण्यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुमी सारे चांगले लोकं आहा," त्या म्हणाल्या. "पण अंधार पडला का आपापल्या घरी जासान. दारावर थाप पडली त मीच उठतो. मले पुस्तक नाई पायजे, बाई. मले हे जित्ते पायजेत."

वृषालीनं सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाहत होते.

ती लिहायला बसली. कादंबरी मराठीत, तर माफीही मराठीतच, एवढं तिनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. मग एकेक वाक्य जपून लिहिलं. कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. कादंबरीतला महाराज कल्पनेतला आहे. त्याच्या बायकोबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. त्या बायकोनं सांगितलेलं खोटं होतं, असं वृषालीच्या हातून उतरेना. शेवटचं वाक्य मात्र पुढाऱ्यांनी दिलं तसंच उतरवलं.

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. खोली ऐकत होती. वाचून झालं तसा मंगेश सरसावून बसला.

"यात काई गेलं नाई सरांचं," तो म्हणाला. "'असं लिहिणार नाही' म्हणजे कसं? आता 'असं' म्हणजे काय, ते कोण ठरवणार? सर दुसरं लिहितीन. असं नाई त तसं लिहितीन."

लोधीखेड्याचे गजाननभाऊ हसले. मग दोघं-तिघं हसले. इतक्या दिवसांत त्या घरात कोणी मोकळा श्वास घेतला नव्हता. कोणी म्हणालं, मॅडमनं मोठ्या हुशारीनं लिहिलं. उर्मिलाकाकूंनी पदरानं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. वृषालीलाही वाटलं, निभावलं. एवढ्याशा शब्दात सरांना लपायला पुरेशी जागा आहे.

तिनं कागद त्यांच्यापुढे धरला. मंगेशनं शाईचं पॅड उघडलं. सही होणार नव्हती, डावा अंगठा चालणार होता.

सरांनी कागद वाचला. सावकाश, ओळीखाली ओळ, जसे ते छापखान्यातून आलेली मुद्रितं वाचायचे.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "माझंच वाटते. फक्त शेवटच्या वाक्यातून एक शब्द काढून टाका."

"कोणता, सर?"

"'असं'."

वृषालीच्या हातात पेन तसंच राहिलं. आत भांड्याचा आवाज झाला.

"काढा, मॅडम," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "काढा, आन् वाचून दाखवा. नीट होते का पाहू."

तिनं शब्द खोडला. मग वाचलं, कारण त्यांनी सांगितलं होतं.

"यापुढे मी लिहिणार नाही."