तोंडओळख

व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये विनोदी संगीतिकांना तुफान गर्दी व्हायची. त्यांत हॅरिएट क्राउच वर्षानुवर्षं एकच काम करायची, लग्नासाठी आसुसलेल्या जाड्या प्रौढेचं. नायक लायनेल तिला झिडकारायचा आणि प्रेक्षक हसून लोळायचे. पडद्यामागेही तो तिला ‘म्हातारे’ म्हणूनच हाक मारायचा.

चहाच्या बड्या व्यापाऱ्याची मुलगी पटली तशी त्यानं रंगभूमी सोडली. जाताना बजावलं, “माझ्या सासऱ्यांना नाटकवाल्यांचा विटाळ आहे. मी नट होतो हे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. रस्त्यात दिसलीस तर ओळख दाखवू नकोस.”

एका रविवारी हाइड पार्कात तो बायकोसह समोरून आला. हॅरिएटनं मान वळवली, पण बायकोच धावत आली.

“अय्या, मिस क्राउच ना तुम्ही? बाबांची नजर चुकवून कितीदा पाहिलंय तुम्हाला! काय हसवता हो!”

लायनेल पांढराफटक पडला.

“आणि तुम्हाला झिडकारणारा तो नायक!” तिनं नाक मुरडलं. “मिशा चिकटवलेला ओंडका नुसता! तो गायला लागला की मला जांभया यायच्या. त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही बघा.”

हॅरिएटनं लायनेलला नखशिखांत न्याहाळलं.

“मलाही नाही,” ती म्हणाली.