दूधवाल्याचा प्लग

"घ्या बाबा, दूधवाल्याचा प्लग. घाई आहे त्याला," मुलगा म्हणाला आणि कुरियर कंपनीच्या साहेबाकडे बघून त्याने डोळा मारला.

म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळा मारलेला त्याला कुठून दिसणार? पण प्लग तळहातावर पडला आणि त्याची बोटं दचकली. प्लग गरम होता. चटका बसावा इतका गरम. म्हणजे दूधवाल्याचा नाही, दारात आत्ता उभ्या राहिलेल्या साहेबाच्या स्कूटरचा. वर्षभरात मुलाने त्याला गरम प्लग दिलाच नव्हता.

आता या म्हाताऱ्याचं काय सांगावं. खोटं वाटेल, पण गल्लीच्या तोंडाशी स्कूटर खोकली की हा इकडे जेवता जेवता सांगायचा, हिचा कार्बोरेटर चोंदलाय आणि हिच्या मालकाचं बायकोशी वाजलंय. स्वतःची बायको घोरायला लागली तर तिला हलवून उठवायचा, "अगं, तुझा एअर फिल्टर झटकायला झालाय." डोळे गेले तसं गॅरेज मुलाकडे गेलं, पण कान जागेवर राहिले, आणि जीभ तर आणखीच सैल सुटली. गिऱ्हाइकासमोर मुलाच्या चुका काढायची. अरे, किती आवळतोस, प्लग आहे, दुश्मनाची मान नाही. अरे, नवा असला म्हणून काय झालं, वरच्या चिनीमातीवरून अंगठा फिरवल्याशिवाय प्लग घालू नये, तिला चीर गेली की ठिणगी मेली.

मुलाने मग उपाय काढला. भंगारातले मेलेले प्लग पत्र्याच्या डब्यात भरले, बापाला स्टुलावर बसवलं आणि हातात तारेचा ब्रश दिला. "ह्याला तुमचाच हात पाहिजे बाबा." म्हातारा दिवसभर घासायचा. तो घरी गेला की मुलगा तेच प्लग मेणबत्तीवर धरून पुन्हा काळे करायचा. सकाळी म्हणायचा, "कालचे सगळे बसवले. गाड्या लोण्यासारख्या चालल्या. हे घ्या आजचे." शेजारचा पंक्चरवाला हसू दाबायला ट्यूबच्या घमेल्यात तोंड घालायचा. नुसते बुडबुडे यायचे.

प्लगला मेणाचा वास आला तेव्हा म्हाताऱ्याला शंका आली. एकावर कानशीने खूण केली, ती दुसऱ्या दिवशी काजळीखाली बोटाला लागली, तेव्हा शंका गेली. तरी तो घासत राहिला.

काल मुलगा म्हणाला, "उद्या साहेब येतोय. एक गाडी त्याच्यासमोर करून दाखवायची. पसंत पडलं तर कंपनीच्या सगळ्या गाड्या आपल्याकडे. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

म्हाताऱ्याने शहाण्यासारखी मान हलवली. मुलगा जेवायला गेल्यावर त्याने नव्या प्लगांचं खोकं मांडीवर घेतलं आणि एक लहान पाना. टक. टक. टक. प्रत्येकाच्या चिनीमातीला केसाएवढी चीर. डोळ्याला दिसत नाही. अंगठ्याला लागते.

आज मुलाचा हात झकास चालला होता. ऑईल बदललं, फिल्टर धुतला, ब्रेकची केबल ओढून बसवली. साहेब मोबाइल खिशात घालून बघत होता. शेवटी मुलाने खोक्यातला नवा प्लग घेतला, तसाच घातला आणि ऐटीत किक मारली.

गाडी फुरफुरलीसुद्धा नाही.

दुसरा प्लग. तिसरा. चौथ्याला मुलाचा शर्ट पाठीला चिकटला.

"खोकंच खराब आलंय साहेब."

"असेल," साहेब म्हणाला. "पण मी चालू गाडी घेऊन आलो होतो हो."

मुलगा स्टुलाशी आला. आवाज खाली आणला. "बाबा, मघाचा प्लग द्या."

"कुठला रे?"

"पहिला दिला तो."

"दूधवाल्याचा?"

"बाबा, द्या ना आता."

"घाई होती ना त्याला? मग पहिला तोच घासला." म्हाताऱ्याने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी चांगला खळखळवला. "यातच असेल. सगळे एकदम लख्ख केलेत. घे निवडून."

मुलाने डबा जमिनीवर पालथा केला. सकाळच्या कोवळ्या उन्हात प्लगांचा ढीग चकाकला. सगळे सारखे. तो गुडघ्यावर बसला, एक उचलला, टाकला, दुसरा घेऊन पळाला, किक मारली, परत आला. पुन्हा एक. पुन्हा एक. साहेबाने थोडा वेळ वाट पाहिली, मग स्टँड काढला आणि स्कूटर ढकलत रस्त्याला लागला.

"साहेब, दोन मिनिटं," मुलगा ओरडला.

साहेबाने मागे पाहिलं नाही. शेजारी पंक्चरवाल्याने घमेल्यात तोंड घातलं.

म्हातारा उठला. चाचपत मुलाचा हात शोधला आणि त्यात तारेचा ब्रश ठेवला. स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"बस. सावकाश बघ. दूधवाल्याला काही घाई नाही."

आणि भिंतीला हात लावत तो घरी निघाला. दुसरा हात कोटाच्या खिशात होता, मूठ घट्ट मिटलेली. मुठीतला प्लग त्याने अजून गार होऊ दिला नव्हता.